चार दोष गाडीचे, पाचवा आमचा

मी पनवेलचा. नोकरी जासईला, कंटेनरच्या यार्डात. परदेशातून आलेला रिकामा कंटेनर समोर उभा राहिला की त्याच्याभोवती एक फेरी मारायची आणि त्याच्या अंगावरचे दोष लिहून काढायचे. डावीकडे पोचा, छताला गंज, दाराचं रबर फाटलेलं, आत कांद्याचा वास. सव्वीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे कुणाच्या लग्नाला गेलो तरी माझी नजर आधी मांडवाच्या फाटक्या कोपऱ्यावर पडते, असं वीणा म्हणते. वीणा म्हणजे माझी बायको. तिचं माहेर उरणचं, कोळीवाड्यातलं. पनवेलच्या एका शाळेत ती भूगोल शिकवते.

दर वर्षी ती सातवीच्या फळ्यावर जगाचा नकाशा हाताने काढते. ऑस्ट्रेलिया झाला की खाली उजवीकडे दोन छोटे तुकडे काढते, आणि तिथे तिचा खडू थांबतो. त्या खालच्या तुकड्याच्या खालच्या टोकावर एकदा जाऊन उभं राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं ते शेवटचं टोक, नाव स्लोप पॉइंट. तिथे बस जात नाही. मे महिन्याच्या सुट्टीतले साडेतीन आठवडे भाड्याने गाडी घ्यायची म्हणून मी कॉम्प्युटरवर भाव पाहिला आणि कॉम्प्युटर बंद केला. मग एकच रस्ता उरला. तिथे उतरायचं, जुनी स्वस्त गाडी विकत घ्यायची, टोक गाठायचं आणि परत निघताना ती विकून टाकायची.

हे मी अगदी हवेत बोलत नव्हतो. आधी एक देश माझ्या खात्यावर जमा होता.

रुस्तावी, जॉर्जिया

तीन वर्षांपूर्वी आम्ही जॉर्जियात असाच प्रयोग केला होता. राजधानीपासून थोड्या अंतरावर रुस्तावी नावाचं गाव आहे आणि तिथे जुन्या गाड्यांचा बाजार भरतो. बाजार म्हणजे किती मोठा, तर आमचं अख्खं यार्ड त्यात एका कोपऱ्यात हरवलं असतं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसती गाड्यांची टपं चमकत होती. मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो.

निघण्यापूर्वी आमच्या रशीदभाईंनी मला तयार केलं होतं. उरण नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे. ते डोळ्यांपेक्षा कानांनी गाडी बघतात. त्यांचे नियम तीन. बॉनेटला आधी हात लावायचा. गरम असेल तर मालकाने काहीतरी लपवण्यासाठी गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. इंजिन चालू करून फोन त्याच्याजवळ धरायचा. ते पनवेलहून ऐकतील. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. "गाडी पसंत पडली तर चेहऱ्यावर दिसता कामा नये. मय्यतीला आल्यासारखं उभं राहायचं. आणि नुक्स काढत राहायचं, थांबायचं नाही."

दोष काढायचे, हे तर माझ्या पोटापाण्याचं काम. दातो नावाच्या एका गुबगुबीत विक्रेत्यासमोर मी असा काही दुःखी प्रयोग केला की तो हात जोडून कॅल्क्युलेटरवर आकडे कमी करत गेला. तो खोटं बोलत होता, मीही बोलत होतो, आणि दोघेही अतिशय मजेत होतो. सौदा झाल्यावर त्याने आम्हाला जेवायला नेलं. ताटात हुबेहूब आपले उकडीचे मोदक आले, फक्त आत खोबऱ्याऐवजी मटण आणि गरम रस्सा. वीणाने सवयीने शेंडीपासून खायला सुरुवात केली तर दातोने घाईघाईने तिचा हात धरला. शेंडी फक्त धरायला असते, ती ताटातच सोडायची. मोदकाची शेंडी टाकून देणारे लोक जगात आहेत हे पाहून वीणाने त्याच्या ताटातल्या शेंड्या मोजल्या.

त्या गाडीची डिकी आतूनच उघडायची, आणि स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे मी दिवसातून तीनदा उजव्या दाराने आत बसून ते कुठे गेलं म्हणून शोधायचो. पण आम्ही दहा दिवस फिरलो आणि गाडी विकून परत आलो. सांगायचा मुद्दा हा की, जगात कुठेही गाडी घ्यायची तर तोंड पाडून नावं ठेवायची, अशी माझी पक्की खात्री झाली.

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड

विमानतळावरच पहिली गंमत झाली. वीणाच्या भावाने आमच्या बॅगेत सुकटीची मोठी पिशवी कोंबली होती. "दाजी, तिकडं नुसता पाव खावून ऱ्हाल. ऱ्हावदे ती, वजन नाय काय तिला," असं म्हणून. शिवाय कर्जतच्या मधाची बाटली होती. इथे खाण्याची प्रत्येक वस्तू कागदावर लिहून द्यावी लागते. मी म्हटलं, सुकट लिहू नकोस, कोण बघतंय. वीणाने लिहिली. अधिकाऱ्याने पिशवी उघडली, एक पाऊल मागे सरला आणि हे तुम्ही खाता का, असं फार आदराने विचारलं. सुकट त्याने परत दिली, मध ठेवून घेतला. कागदावर लिहिलंत म्हणून दंड नाही, लिहिलं नसतं तर मोठा होता, असंही सांगितलं. वीणाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही केनकडे गेलो. जाहिरातीत फक्त एवढंच होतं: हिरवी छोटी गाडी, जुनी, एकाच बाईने चालवलेली. केन ऐंशीच्या पुढचा, उंच, वाकलेला म्हातारा. अंगणात पिवळी पानं गोळा करत होता. गाडी त्याच्या बायकोची, जोनची. ती गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून गाडी उभीच होती. तो आठवड्यातून एकदा ती कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचा.

बॉनेट थंडगार होतं. गाडी पहिल्याच क्षणी माझ्या मनात भरली आणि म्हणून मी चेहरा पाडला.

मग सुरू केलं. गाडीभोवती हळूहळू फेरी मारली. बॉनेट उघडून जिभेने च्च् च्च् केलं. टायरला पायाने ढोसलं, दारावर टकटक करून कान लावला, गुडघ्यावर बसून खाली पाहिलं आणि उठताना असा उसासा सोडला की शेजारच्या कुत्र्याने मान वर केली. रंग उडालाय. मागच्या दाराला पोचा. खालून गंज धरलाय. टायर अर्धे झिजलेत. इंजिनचा आवाज जड आहे. सीट बसकी झाली आहे. सांधा ढिला आहे, कोणता ते अजून सांगता येत नाही. यार्डात सबंध दिवसात लिहीत नाही इतके, मोजून सतरा दोष मी पंधरा मिनिटांत काढले.

केन आत गेला आणि वही-पेन्सिल घेऊन आला. मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावून त्याने सतराच्या सतरा दोष लिहून घेतले. मग वही मिटली, बॉनेट खाली आणलं, तळहाताने दाबून बंद केलं.

"मी तुमचा आभारी आहे," तो म्हणाला. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण मग ही गाडी मी तुम्हाला देऊ शकत नाही. तुमच्या पत्नीला घेऊन तुम्ही इतक्या दूर जाणार. मध्येच काही झालं तर मला झोप येणार नाही."

मी आधी हसलो. मला वाटलं, भाव वाढवायची ही नवी तऱ्हा असेल. पण त्याने किल्ली खिशात घातली होती आणि तो आम्हाला चहा देऊन बस थांब्यापर्यंत सोडायला निघाला होता. सकाळी पाहिलेल्या दोन गाड्या आमच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. हिच्याशिवाय तिसरी नव्हती. वीणाचं टोक त्या खिशात गेलं होतं.

वीणा मराठीत शांतपणे म्हणाली, "अहो, निस्तरा आता."

मग मला सगळं सांगावं लागलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाने परक्या अंगणात उभं राहून कबूल करायचं, की महाराज, गाडी उत्तम आहे, मी नाटक करत होतो. आमच्याकडे घेणाऱ्याने वस्तूला नावं ठेवायचीच असतात. नाही ठेवली तर विकणाऱ्याचाच गोंधळ होतो. वीणाने पुस्ती जोडली, की हे टोमॅटो घेतानाही असंच करतात.

केनने सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

"आणि विकणारा काय करतो?"

"तो शपथा घेतो की वस्तू एक नंबर आहे."

"मग वस्तू खरोखर कशी आहे, हे तुम्हाला कसं कळतं?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्याच्या सफरचंदाच्या झाडाकडे बघत उभा राहिलो.

"आपण पुन्हा सुरुवात करू," केन म्हणाला. "या वेळी खरं."

मी इंजिन चालू करून फोन त्याच्याजवळ धरला. पनवेलला सकाळचे साडेआठ वाजले होते, रशीदभाई नुकतंच शटर वर करत होते. त्यांनी ऐकलं. "दिल साफ आहे इंजिनचं," म्हणाले. "एक बेल्ट ओरडतोय, बस." मग मी खरी फेरी मारली आणि खरे दोष सांगितले. बेल्ट, मागचे दोन टायर, दाराचा पोचा. तीन. केनने वहीचं नवं पान उघडलं, तीन ओळी लिहिल्या आणि खाली स्वतःहून चौथी लिहिली. लांब चढावर गाडी गरम होते. तसं झालं की थांबू नका. आतला हीटर पूर्ण चालू करा आणि हळूहळू चालवत राहा. जोन तसंच करायची.

हा दोष मला सात जन्मांत सापडला नसता. त्याने तो न सांगता गाडी विकली असती तर कुणालाही कळलं नसतं. सांगितला, आणि चार दोषांचे म्हणून चारशे डॉलर त्याने आपण होऊन कमी केले. मी जिथपर्यंत घासाघीस करायची ठरवली होती, त्याच्याही खाली हा माणूस एकटाच उतरून बसला होता.

एकच अट घातली. तो कागद डॅशबोर्डच्या खणात राहील, आणि गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याच्या हातात द्याल.

नावावर करून घ्यायला मी पनवेलहून फाईल आणली होती. झेरॉक्सचे तीन संच, पासपोर्ट फोटो आठ, आणि वीणाचंही सगळं, कारण कधी काय मागतील सांगता येत नाही. एका दुकानाच्या काउंटरवरच्या मुलीने माझं लायसन्स पाहिलं, एक कागद भरून घेतला आणि झालं म्हणाली. मी म्हटलं, फोटो? ती म्हणाली, कशाला? मी पुढची पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. काम संपलं आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता.

दक्षिणेकडे

त्या देशाबद्दल काय सांगू. टेकापो नावाचं एक सरोवर आहे. त्याचा रंग मी आजवर फक्त आमच्या शेजाऱ्यांच्या नव्या बाथरूमच्या टाइल्सवर पाहिला होता आणि तेव्हा तो भडक म्हणून नाक मुरडलं होतं. इथे तो रंग डोंगरांच्या रांगेपर्यंत पसरलेला, मागे बर्फ, काठाला पिवळीधमक झाडं, आणि माणूस एकही नाही. मी दोष शोधायचा मनापासून प्रयत्न केला. सापडला नाही. वीणा म्हणाली, तुमची नोकरी गेली.

रस्त्याच्या कडेला लाकडी फळी असते. तिच्यावर सफरचंदं, अक्रोड, भोपळे, एकदा तर पिशवीत भरलेली घोड्याची लीद. शेजारी पत्र्याचा डबा. विकणारा कुठेच नाही. आपण घ्यायचं आणि पैसे डब्यात टाकायचे. पहिल्या डब्यापाशी मी गाडी आडोशाला लावून पंधरा मिनिटं वाट पाहिली, कुणीतरी पैसे न टाकता जाईल म्हणून. दोन गाड्या आल्या. दोन्हींनी टाकले. वीणाने मला हाताला धरून आणलं. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. पहिले दोन दिवस मी त्याला काहीतरी चुकल्याची खूण समजून वेग कमी करत होतो. नंतर कळलं की ते नुसतं ‘कसं काय?’ विचारणं आहे. मग मीही करू लागलो. पनवेल सोडून इतक्या दूर येऊन रोज पन्नास अनोळखी माणसं मला नमस्कार करत होती.

रात्री प्रवाशांच्या मुक्कामाच्या तळावर, तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात आम्ही कुकर लावायचो. पहिल्या शिट्टीला एक जर्मन जोडपं बाहेर पळालं. दुसऱ्या दिवशी तेच थाळी घेऊन खिचडीला हजर होतं. सुकटीची चटणी मात्र आम्ही बाहेर बाकावर बसून खायचो.

स्लोप पॉइंट

दक्षिणेकडच्या वाटेचा शेवटचा दिवस थंड आणि ढगाळ होता. टोकाच्या अलीकडे रस्ता खडीचा झाला आणि टेकड्यांमागून टेकड्या सुरू झाल्या. तिसऱ्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी सवयीने गाडी बाजूला घेत होतो, तेवढ्यात वीणाने खणातला कागद काढून वाचला. थांबू नका.

हीटर पूर्ण चालू केला. गरम हवेचा झोत आला आणि त्याच्यासोबत आणखी काहीतरी. सुकटीची पिशवी मागच्या सीटखाली कधीतरी फुटली होती आणि तिचा बराच भाग हवा यायच्या जाळीजवळ पसरला होता. हवा तापली तसा अख्खा उरणचा धक्का गाडीत उभा राहिला. काच उघडावी तर बाहेर दक्षिण ध्रुवाकडचा वारा, गाल कापणारा. काच लावावी तर आत सुकट. आम्ही एक मिनिट उघडी, एक मिनिट बंद, अशा पाळ्या लावल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पण काटा खाली आला. चढ संपला, गाडी थांबली नाही.

पुढे मेंढ्यांच्या कुरणातून पायवाट होती. तिथली झाडं वाऱ्याने एकाच बाजूला इतकी वाकली आहेत की कुणीतरी कंगव्याने भांग पाडून ठेवल्यासारखी दिसतात. कड्यावर एक पिवळी पाटी होती. खाली समुद्र पांढरा होऊन फुटत होता आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. मी बडबड्या माणूस. तिथे मी नुसती टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

वीणा बराच वेळ पाटीला धरून उभी होती. मग म्हणाली, "फळ्यावर मी इथे खडू उचलते. मुलांना वाटतं, संपलं. संपलेलं नसतंच हो."

आम्ही वाऱ्यात हलत, एकमेकांना धरून उभे राहिलो.

पुन्हा क्राइस्टचर्च

विमानाला दोन दिवस होते आणि गाडी विकायची होती. पहिला मुलगा कागद वाचून, आभार मानून गेला. दुसरा मुलगाही गेला. त्या संध्याकाळी मी कागद खणातून काढून खिशात ठेवला. फक्त सुरक्षित राहावा म्हणून, असं मी वीणाला सांगितलं. तिने पेन पुढे केलं आणि म्हणाली, ठेवताय तर आधी पाचवा लिहा.

मग मी लिहिलं. पाच: गाडीत सुक्या मासळीचा वास येतो. दोनदा धुतली. हीटर लावल्यावर जास्त.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात काम करणारी एक नर्स आली. केरळची, नाव लिझी. पाळीवर जायला तिला गाडी हवी होती. आधीची तिने भरपूर घासाघीस करून घेतली होती आणि ती तिसऱ्या दिवशी पावसात बंद पडली होती. मी कागद तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत राहिलो. तिने पाचही ओळी वाचल्या. आत बसली, दार लावलं, हीटर चालू केला आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

काच खाली झाली. तिचे डोळे ओले होते. "आईचं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "पाचवा खोडा. तो दोष नाही."

मी खोडला. तिने आम्ही सांगितलेला भाव दिला, उरलेली सुकटही मागून घेतली.

निघताना केनला फोन केला. वासाचंही सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, जोनला गाडी उभी राहिलेली आवडायची नाही.

पनवेल

परत आल्यावर आमची स्वतःची जुनी गाडी विकायला काढली. रशीदभाईंनी कोन गावचे एक गृहस्थ आणले. त्यांनी बॉनेटला हात लावला. थंड. मग त्यांचा चेहरा पडला. मय्यतीचा चेहरा मी लगेच ओळखला. गाडीभोवती फेरी, बॉनेट उघडून च्च् च्च्, टायरला लाथ. रंग गेलाय, खालनं सडलीय, इंजिन दमलंय, भंगारात पन घेनार नाय कोन. रशीदभाई शेजारी उभे राहून मान डोलवत होते. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मी खिशातून वही-पेन काढलं आणि लिहायला लागलो.

ते थांबले. "काय लिवताव?"

"तुम्ही सांगताय ते. पुढे बोला, अकरा झाले."

"कशाला पन?"

"मला यातलं काही माहीत नव्हतं," मी म्हटलं, आणि बॉनेट खाली आणून तळहाताने दाबलं. "इतके दोष असतील तर ही गाडी मी तुम्हाला देऊ शकत नाही. घरातल्या माणसांना घेऊन फिरणार तुम्ही."

रशीदभाई खोकल्याचं निमित्त करून गॅरेजच्या आत गेले. गृहस्थ माझ्याकडे, वहीकडे, मग खिशात चाललेल्या किल्लीकडे बघत राहिले. मुख्य रस्त्यावरून दोन ट्रेलर गेले. मग पुढे झाले आणि बॉनेटवर हात ठेवला, या वेळी अगदी हलकेच.

"तसं काय नाय, शेट," ते म्हणाले. "गाडी बरी हाय."